शिडीची खालची पायरी: केव्हिन कॉर्डोनचं टोकियो प्रकरण

टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता काळातल्या, बॅडमिंटनच्या जागतिक क्रमवारीच्या गुणतक्त्यातले दोन आकडे आधी बघू. सुपर 1000 या वरच्या दर्जाच्या स्पर्धेत मुख्य ड्रॉमध्ये (म्हणजे पात्रता फेरीनंतरच्या मुख्य सामन्यांत) जागा मिळाली आणि खेळाडू पहिलाच सामना हरला, तरी त्याच्या खात्यात 3000 गुण जमा होत. इंटरनॅशनल सिरीज या खालच्या दर्जाची स्पर्धा मात्र त्याने पहिल्या फेरीपासून अंतिम फेरीपर्यंत एकही सामना न हरता जिंकली, तर मिळत 2500.

आमच्या हॉलवर नवीन मुलं जिल्हा पातळीवर खेळायला लागली की मी हे दोन आकडे फळ्यावर लिहितो. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: मग छोटी स्पर्धा खेळायचीच कशाला? त्याचं उत्तर म्हणून मी ग्वाटेमालाच्या केव्हिन कॉर्डोनची हकिगत सांगतो. ती सांगायला अर्धा तास लागतो, आणि ऐकून झाल्यावरही उत्तर सरळ एका ओळीत येत नाही. म्हणूनच ती नीट लिहून काढावी असं वाटलं.

प्रकरण थोडक्यात असं. जुलै 2021 मध्ये, जागतिक क्रमवारीत 59 वा असलेला, 34 वर्षांचा, बिगरमानांकित डावखुरा खेळाडू ऑलिंपिक पुरुष एकेरीच्या उपांत्य फेरीत पोहोचला. त्याच्या देशाच्या नावावर तोवर सगळ्या खेळांत मिळून एकच ऑलिंपिक पदक होतं: एरिक बारोंदोने 2012 मध्ये लंडनला 20 किलोमीटर चालण्याच्या शर्यतीत मिळवलेलं रौप्य. लॅटिन अमेरिकेतला कोणीही बॅडमिंटनपटू त्याआधी ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत गेला नव्हता. वर्तमानपत्रांनी याला चमत्कार म्हटलं. मला हा शब्द पटत नाही. चमत्कार म्हटलं की कारणं शोधायची गरज उरत नाही, आणि इथे कारणं शोधता येतात.

तो प्रदेश

मध्य अमेरिका आणि कॅरिबियन हा एकच क्रीडा-प्रदेश मानायची पद्धत जुनी आहे. 1926 मध्ये मेक्सिको सिटीत मेक्सिको, क्युबा आणि ग्वाटेमाला हे तीन देश एकत्र आले आणि मध्य अमेरिकी क्रीडास्पर्धा सुरू झाल्या. 1930 च्या दशकात त्यांच्या नावात ‘कॅरिबियन’ जोडलं गेलं. जगात आजही चालू असलेल्या प्रादेशिक बहुक्रीडा स्पर्धांमध्ये ही सगळ्यात जुनी. म्हणजे ग्वाटेमाला या व्यवस्थेत पाहुणा म्हणून आलेला नाही, पहिल्या तिघांपैकी एक आहे.

बॅडमिंटनला या घरात जागा मिळायला बरीच वर्षं गेली. तिकडे फुटबॉल, बेसबॉल, मुष्टियुद्ध आणि इंग्रजी बोलणाऱ्या बेटांवर क्रिकेट, यांचं राज्य. बेटांवरच्या बॅडमिंटन संघटनांनी 1970 च्या दशकापासून केअरबाको या नावाने आपली प्रादेशिक स्पर्धा चालवली. जमैका, त्रिनिदाद, बार्बाडोस, सुरिनाम, अरुबा असे देश तिथे एकमेकांशी खेळत आले. भाषा बघितल्या तर इंग्रजी, डच, स्पॅनिश, फ्रेंच आणि पापियामेंतो. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर थेट विमान नेहमी नसतं. नकाशावर शेजारी दिसणाऱ्या बेटावर जायला मायामी किंवा पनामावरून वळसा घालावा लागतो, आणि तिकिटाचा खर्च बक्षिसाच्या रकमेहून मोठा होऊन बसतो.

यात सुरिनामचं उदाहरण मला फार जवळचं वाटतं. 1873 मध्ये ‘लाला रूख’ जहाजाने भारतातले पहिले करारबद्ध मजूर तिथे आले आणि 1890 पासून जावा बेटावरचे. लंडन ऑलिंपिकमध्ये सुरिनामकडून व्हर्जिल सोरोरेजो खेळला. या आडनावातच जावा ऐकू येतं. ज्या जावाने जगाला इतके बॅडमिंटनपटू दिले, त्याच मातीतली माणसं अॅटलांटिकच्या काठावर रॅकेट हातात घेतात. मात्र त्यांच्यामागे इंडोनेशियासारखी प्रशिक्षण केंद्रं नाहीत, हॉल मोजके आणि प्रतिस्पर्धी तेच ते.

तेच ते प्रतिस्पर्धी, हाच या प्रदेशाचा मूळ प्रश्न. दहा वर्षं त्याच पंधरा-वीस जणांशी खेळलात की त्यांचा ड्रॉप, म्हणजे जाळीजवळ हळूच टाकलेला फटका, कुठे पडणार हे पाठ होतं. पाठ नसलेल्या खेळाडूसमोर उभं राहायची सवय मात्र होत नाही.

शिडी कशी चालते

क्रमवारीचं गणित थोडं समजून घ्यावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही.

खेळाडूच्या मागच्या 52 आठवड्यांतल्या सर्वोत्तम 10 स्पर्धांचे गुण धरले जातात. त्या वेळच्या तक्त्याप्रमाणे सुपर 1000 च्या विजेत्याला 12000, सुपर 750 ला 11000, सुपर 500 ला 9200, सुपर 300 ला 7000, सुपर 100 ला 5500. त्याखाली इंटरनॅशनल चॅलेंज 4000, इंटरनॅशनल सिरीज 2500 आणि फ्यूचर सिरीज 1700. कॅरिबियन आणि मध्य अमेरिकेतल्या बऱ्याच स्पर्धा शेवटच्या दोन-तीन पायऱ्यांवरच्या. समजा कोणी वर्षात दहा इंटरनॅशनल सिरीज जिंकल्या, दहाच्या दहा, तर त्याचे होतात 25000. सुपर 1000 च्या स्पर्धांत दहा वेळा पहिल्याच फेरीत बाद होणाऱ्याचे 30000.

पण सुपर 1000 च्या मुख्य ड्रॉमध्ये जागा फक्त 32. तिथे शिरायला आधीच वरची क्रमवारी लागते, आणि ती क्रमवारी मिळते तिथे खेळूनच. आपल्याकडे नोकरीसाठी अनुभव मागतात आणि अनुभवासाठी नोकरी लागते, त्यातलाच हा प्रकार.

मग छोट्या स्पर्धेचा उपयोग काय? माझ्या मते एकच, पण तो मोठा आहे: ती खेळाडूला यादीत ठेवते. वरच्या पायऱ्यांवर चढवायची ताकद तिच्यात नसते, पण खाली पडू न देण्याएवढी असते. आणि ऑलिंपिकची दारं उघडतात तेव्हा यादीत असणं निर्णायक ठरतं.

याचं कारण ऑलिंपिकचा नियम. टोकियोत पुरुष एकेरीला एका देशाचे जास्तीत जास्त दोन खेळाडू, तेही दोघे पहिल्या 16 मध्ये असतील तरच, नाहीतर एक. त्यामुळे चीन, इंडोनेशिया, डेन्मार्क, भारत यांचे तिसरे, चौथे, पाचवे खेळाडू गळत जातात आणि यादी खाली सरकते. आपला किदाम्बी श्रीकांत जागतिक क्रमवारीत पहिल्या वीसात असून टोकियोला जाऊ शकला नाही, आणि 59 वा कॉर्डोन गेला. त्या वेळी आपल्याकडे अनेकांना हे टोचलं होतं. मलाही टोचलं होतं, हे कबूल करतो. पण ऑलिंपिक ही जगाची स्पर्धा असेल तर तिथे जगातल्या सगळ्या कोपऱ्यांतली माणसं दिसली पाहिजेत, आणि त्या कोपऱ्यातल्या माणसाने पुढे काय केलं ते पाहिल्यावर माझं टोचणं थांबलं.

तो माणूस

केव्हिन कॉर्डोनचा जन्म 28 नोव्हेंबर 1986 चा, ग्वाटेमालाच्या पूर्वेकडच्या साकापा प्रांतातल्या ला उनियोन गावचा. वडील फुटबॉलवेडे. इंग्लंडच्या केव्हिन कीगनवरून त्यांनी मुलाचं नाव ठेवलं. मुलगाही फुटबॉलच खेळायचा. बॅडमिंटन नंतर आलं, आणि ते इतकं मनापासून आलं की वयाच्या बाराव्या वर्षी तो घर सोडून सरावासाठी राजधानीत राहायला गेला.

बारा वर्षांचं पोर घरापासून दूर ठेवणं म्हणजे काय, हे आपल्याकडे तालुक्याच्या गावातून पुण्याला किंवा हैदराबादला मुलं पाठवणाऱ्या आईवडिलांना सांगायला नको. ग्वाटेमालात तर पुढे रस्ता आहे की नाही हेही माहीत नव्हतं. त्याच्याआधी कोणी त्या रस्त्याने गेलेलं नव्हतं.

राजधानी ग्वाटेमाला सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे 1500 मीटर उंचीवर आहे. ही बाब वाचताना किरकोळ वाटते, पण बॅडमिंटनमध्ये ती किरकोळ नाही. उंचीवर हवा विरळ, त्यामुळे शटल वेगाने जातं. म्हणून तिथे संथ गतीची शटल वापरावी लागतात. तरीही टॉस (मागच्या रेषेकडे उंच मारलेला फटका) जरा जोरात बसला की शटल मागच्या रेषेबाहेर. उंचीवर वाढलेल्या खेळाडूला मोजून मारायची सवय लागते, आणि समुद्रसपाटीच्या शहरात आल्यावर तेच शटल जड वाटायला लागतं. त्याला दोन्ही ठिकाणचा हात जमवावा लागतो. महाबळेश्वरला शिबिर घेतलं तेव्हा आमच्या मुलांचे टॉस पहिले दोन दिवस सारखे बाहेर जात होते. तेव्हा मला हे खरं कळलं.

दुसरी गोष्ट डावखुरेपणाची. शटलची 16 पिसं एकमेकांवर एकाच दिशेने चढवलेली असतात, म्हणून उडताना ते एकाच दिशेने फिरतं. उजव्या हाताचा कट, म्हणजे शटलला घासून मारलेला फटका, त्या फिरकीला एका बाजूने लागतो, डाव्या हाताचा उलट बाजूने. त्यामुळे डावखुऱ्याचा तिरका ड्रॉप समोरच्याला सवयीपेक्षा वेगळ्या ठिकाणी पडताना दिसतो. शिवाय त्याच्या फोरहँडच्या कोपऱ्यातला तिरका स्मॅश उजव्या खेळाडूच्या बॅकहँडकडे आपसूक जातो. कॉर्डोनचा खेळ याच कोनांवर उभा आहे.

2008 मध्ये बीजिंगला देशाचा ध्वज त्याच्या हातात होता. 2011 मध्ये ग्वादालाहाराला पॅन अमेरिकन क्रीडास्पर्धांचं सुवर्ण मिळालं. 2012 मध्ये लंडनला तो शेवटच्या 16 मध्ये गेला. 2015 मध्ये टोरंटोला पुन्हा पॅन अमेरिकन सुवर्ण. त्याच काळात क्युबाचा ऑस्लेनी गेरेरो हा त्याचा त्या भागातला मोठा प्रतिस्पर्धी. या दोघांनी एकमेकांना जागं ठेवलं असं मी मानतो. लहान प्रदेशात एक तोडीस तोड माणूस मिळणं हीच मोठी गोष्ट असते.

मग 2016. रिओला दुखापतीने त्याला माघार घ्यावी लागली. वय 29. पुढच्या ऑलिंपिकला तो 33 चा होणार होता, आणि महासाथीमुळे 34 चा झाला. गुडघ्याच्या दुखण्यानंतर बहुतेक एकेरी खेळाडू इथे थांबतात. 2019 च्या लिमा पॅन अमेरिकन स्पर्धेत सुवर्ण ब्राझीलच्या ईगोर कोएल्योने नेलं, रिओच्या एका झोपडपट्टीत वडिलांनी चालवलेल्या बॅडमिंटन प्रकल्पातून वर आलेल्या तरुणाने. प्रदेशाची सूत्रं दुसऱ्या पिढीकडे गेली असं दिसत होतं.

कॉर्डोन थांबला नाही. आणि या टप्प्यावर त्याच्याजवळ एक गोष्ट होती, जी प्रादेशिक स्पर्धा कधीच देऊ शकत नाही: प्रशिक्षक मुअम्मर कदाफी. हा इंडोनेशियाचा माणूस. तो आधी पेरूत शिकवायचा आणि नंतर ग्वाटेमालात आला.

या प्रकरणाचा सांधा मला इथे दिसतो. छोट्या स्पर्धांनी कॉर्डोनला यादीत ठेवलं, पण त्याचा खेळ वरच्या दर्जाचा राहिला तो रोजच्या सरावामुळे. ज्या देशात बॅडमिंटन हे गल्लीबोळातलं शहाणपण आहे, त्या देशातून आलेला माणूस रोज कोर्टवर समोर उभा असणं, शटल एकामागून एक फेकत राहणं, पाय कुठे चुकला हे नुसत्या आवाजावरून ओळखणं, हे पैशाने विकत मिळणाऱ्या यंत्राने होत नाही. प्रदेशात प्रतिस्पर्धी कमी असतील तर ती उणीव सरावातला माणूस काही अंशी भरून काढतो. पूर्ण नाही. काही अंशी.

नऊ दिवस

टोकियोत सामने मुसाशिनोच्या हॉलमध्ये झाले, प्रेक्षकांविना. एकेरीत आधी छोटे गट आणि प्रत्येक गटातला फक्त पहिला पुढे जाणार. कॉर्डोनच्या गटात मेक्सिकोचा लिनो मुन्योस आणि हाँगकाँगचा अँगस एन्ग का लाँग. मुन्योस हा त्याच्याच भागातला, ओळखीचा खेळ. एन्ग मानांकित, जगातल्या अव्वल खेळाडूंत गणला जाणारा.

एन्गविरुद्धचा पहिला गेम 22-20. दोन गुण इकडेतिकडे झाले असते तर हे प्रकरण लिहायला कारणच नव्हतं. दुसरा गेम 21-13. पहिला गेम हातचा गेल्यावर मानांकित खेळाडूच्या पायांतून जोर गेला, आणि कॉर्डोनने त्याला तो परत मिळवू दिला नाही. छोट्या स्पर्धांत अंतिम सामने भरपूर खेळलेल्या माणसाला पुढे असताना सामना कसा मिटवायचा हे माहीत असतं. वरच्या स्पर्धांत सतत पहिल्या-दुसऱ्या फेरीत हरणाऱ्याला गुण जास्त मिळतात, पण जिंकण्याची ही सवय मिळत नाही. गुणतक्त्यात या सवयीसाठी रकाना नाही.

शेजारच्या गटात आपला बी. साई प्रणीत होता, तेरावा मानांकित. तो इस्राएलच्या मिशा झिल्बरमनकडून आणि नेदरलँड्सच्या मार्क काल्यौकडून हरला. प्रणीतने तो गट जिंकला असता तर पुढच्या फेरीत त्याच्यासमोर कॉर्डोनच आला असता. आला काल्यौ, आणि कॉर्डोनने त्याला 21-17, 21-14 असं हरवलं.

28 जुलैला दोन गोष्टी घडल्या. सकाळी पुण्यात नंदू नाटेकर गेले, 88 व्या वर्षी. सांगलीचा हा माणूस 1956 मध्ये मलायातली सेलंगोर आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकून आला. परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारा तो पहिला भारतीय बॅडमिंटनपटू. आम्ही हॉल बंद ठेवला आणि मुलांना त्यांच्याबद्दल सांगत बसलो. त्यांच्या काळी गुणतक्ता नव्हता, दहा स्पर्धांचा हिशोब नव्हता. बोलावणं यायचं, संघटना पाठवायची, जाऊन खेळायचं. आणि त्याच दिवशी टोकियोत अव्वल मानांकित केंटो मोमोता आपल्याच देशात दक्षिण कोरियाच्या हिओ क्वांग-हीकडून 15-21, 19-21 असा हरला. 2019 मध्ये 11 विजेतेपदं जिंकलेला मोमोता जानेवारी 2020 मध्ये मलेशियातल्या अपघातात जखमी झाला होता. त्यानंतर तो पहिल्यासारखा झालाच नाही.

त्यामुळे उपांत्यपूर्व फेरीत कॉर्डोनसमोर मोमोताऐवजी हिओ. 31 जुलै. 21-13, 21-18. शेवटचा गुण झाला आणि कॉर्डोन कोर्टवर आडवा झाला, तोंड झाकून रडत. मी तो प्रसंग मुलांना दाखवतो तेव्हा बारा-तेरा वर्षांची मुलं गप्प होतात. त्यांना गुणतक्ता कळत नाही, पण जमिनीवर पडलेला माणूस कळतो.

नशिबाचा हिशोब

इथे कोणी म्हणेल की ड्रॉ सोपा झाला. हा आक्षेप बाजूला सारू नये, तो तपासावा.

उपांत्य फेरीपर्यंतच्या वाटेवर तीन मोठे मानांकित होते: एन्ग, प्रणीत, मोमोता. त्यातल्या दोघांना इतरांनी बाहेर काढलं. म्हणजे तीनातली दोन दारं त्याच्यासाठी दुसऱ्या कोणी उघडली, हे खरं. पण ज्यांनी उघडली ते काही दाराशी झोपलेले नव्हते. हिओने जगातल्या अव्वल खेळाडूला नुकतंच हरवलं होतं, काल्यौने प्रणीतला. अशा वेळी आत्मविश्वास त्यांच्या बाजूला असतो. आणि चारही सामन्यांत कॉर्डोनने एकही गेम गमावला नाही. नशिबाने मिळालेली संधी माणूस अनेकदा तीन गेममध्ये, धापा टाकत साधतो. याने ती सरळ दोन गेममध्ये साधली.

पद्धतीचाही भाग होता. वर्षभराच्या मालिकेत क्रमवारीचा निकाल दहा स्पर्धांच्या सरासरीसारखा लागतो, तिथे चांगल्या खेळाडूंची मोठी फळी असलेले देश जिंकतात. ऑलिंपिकमध्ये नऊ दिवसांत पाच-सहा सामने, एका खेळाडूने आपल्या आयुष्यातला सगळ्यात चांगला आठवडा आणला की पुरतं. कॉर्डोनच्या मागे तशी फळी नव्हती, पण तो आठवडा त्याने आणला.

उपांत्य फेरी आणि त्यानंतर

1 ऑगस्टला समोर डेन्मार्कचा व्हिक्टर अॅक्सेलसन. उंची, पोहोच, आणि सगळ्या दिशांनी येणारा उतरता स्मॅश. पहिला गेम 18-21. त्या संपूर्ण स्पर्धेत अॅक्सेलसनने एकही गेम गमावला नाही, चेन लाँगविरुद्धच्या अंतिम सामन्यातही नाही. त्याच्याविरुद्ध 18 गुण ही त्या स्पर्धेत लहान गोष्ट नव्हती. दुसरा गेम 11-21, आणि तिथे पाय थकलेले दिसत होते.

दुसऱ्या दिवशी कांस्यपदकासाठी इंडोनेशियाचा अँथनी सिनिसुका गिंटिंग. खुर्चीवर कॉर्डोनच्या बाजूने बसलेला माणूस इंडोनेशियाचा, जाळीपलीकडचा खेळाडूही इंडोनेशियाचा. 11-21, 13-21. दोन दिवसांत दोन सामने असे की ज्यांची सवय तिकडच्या कुठल्याही स्पर्धेने लावलेली नव्हती. एका मोठ्या सामन्यासाठी माणूस स्वतःला ओढू शकतो. लागोपाठ तीन दिवस तसं खेळायला रोज तशा माणसांसमोर उभं राहिलेलं असावं लागतं. गिंटिंग तसा वाढला होता, कॉर्डोन नाही. सोपं कारण आहे, आणि त्या प्रदेशाच्या दृष्टीने हेच सगळ्यात दुखरं आहे.

चौथं स्थान. अमेरिका खंडांतून ऑलिंपिक बॅडमिंटनमध्ये त्याआधी इतकं वर 2012 मध्ये कॅनडाची अॅलेक्स ब्रूस आणि मिशेल ली ही महिला दुहेरीची जोडी गेली होती. तीही चौथी.

या प्रकरणातून ग्वाटेमालाच्या बॅडमिंटनची घडी बसली असं मला म्हणता येत नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने ग्वाटेमालाच्या समितीला निलंबित केलं. कारण खेळाडूंचं नव्हतं, कारभाराचं होतं. 2023 मध्ये सान साल्वादोरला झालेल्या मध्य अमेरिकी आणि कॅरिबियन क्रीडास्पर्धांत, म्हणजे ज्या स्पर्धा 1926 मध्ये ग्वाटेमालाने इतर दोघांबरोबर सुरू केल्या त्यातच, ग्वाटेमालाच्या खेळाडूंना आपला ध्वज लावता आला नाही. ते संयोजक संघटनेच्या नावाखाली खेळले. निलंबन मार्च 2024 मध्ये तात्पुरतं उठलं.

शेजारी मात्र काही हललं. एल साल्वादोरचा उरिएल कानहुरा 2024 मध्ये पॅरिसला खेळला, त्याच्या देशाचा पहिला ऑलिंपिक बॅडमिंटनपटू. त्याचं श्रेय कॉर्डोनला देणं घाईचं होईल. पण शेजारच्या देशातला एक माणूस उपांत्य फेरीत गेलेला टीव्हीवर पाहणं आणि कोणीच गेलेलं नसणं, यात सराव करणाऱ्या पोराच्या दृष्टीने फरक असतो. मी हा फरक आमच्या हॉलमध्ये पाहिला आहे.

कॉर्डोनही पॅरिसला गेला. 37 व्या वर्षी, पाचवं ऑलिंपिक. गटातला पहिला सामना 27 जुलैला आपल्या लक्ष्य सेनशी. पहिला गेम लक्ष्यने 21-8 असा सहज घेतला. दुसऱ्यात कॉर्डोन 20-16 असा पुढे होता. चार गेम पॉइंट, म्हणजे गेम जिंकायच्या चार संधी. लक्ष्यने ते सगळे वाचवले, सलग सहा गुण घेतले आणि गेम 22-20 असा संपवला.

त्यानंतर कळलं की कॉर्डोनचा डावा कोपर दुखावला आहे. त्याने स्पर्धेतून माघार घेतली. गटात एखादा खेळाडू असा बाहेर पडला की त्याने गटात खेळलेल्या सगळ्या सामन्यांचे निकाल रद्द होतात, म्हणून लक्ष्यचा तो विजयही रद्द झाला. लक्ष्य पुढे उरलेले दोन्ही सामने जिंकून गटातून वर गेला, उपांत्य फेरीत अॅक्सेलसनकडून हरला, कांस्यपदकाचा सामनाही हरला आणि चौथा आला. तीन वर्षांपूर्वी कॉर्डोन जिथे थांबला होता, बरोबर तिथेच.

आणि तो 22-20 चा दुसरा गेम, ज्यात 37 वर्षांच्या माणसाने दुखऱ्या हाताने चार गेम पॉइंटपर्यंत मजल मारली होती, अधिकृत निकालात धरलाच गेला नाही. मुलांना मी फळ्यावर टोकियोचा 22-20 लिहून देतो, आणि त्याच्याखाली हा दुसराही.